टॉवरच नाही, मग विमानं एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

विमानतळ म्हटलं की टॉवर आलाच, आणि टॉवरमधला माणूस हो म्हणाला तरच विमान खाली उतरतं, असं आपल्या बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे अमेरिकेत पायलटचं ट्रेनिंग घ्यायला गेलेला मुलगा किंवा मुलगी घरी फोनवर सांगते की आमच्या विमानतळावर टॉवर नाहीये, तेव्हा इकडे आईबापांच्या पोटात गोळा येतो. मग लँडिंगची परवानगी कोण देतं? तर कुणीच नाही. आणि हे काही आडवळणाचं अपवादात्मक प्रकरण नाही, अमेरिकेत सगळ्यांना वापरता येतील असे विमानतळ ५,०००च्या आसपास आहेत आणि त्यातल्या साधारण ५००-५५० ठिकाणीच टॉवर आहे. बाकीचे बरेचसे त्या त्या गावाच्या नगरपालिकेचे. एक धावपट्टी, फार तर दोन, थोडे हँगर म्हणजे विमानं ठेवायच्या शेड, स्वतःच कार्ड घासून भरायचा पेट्रोलपंप आणि वाऱ्यावर फडफडणारा, वारा कुठून येतोय ते दाखवणारा कापडी विंडसॉक. नगरपालिका गवत कापते, दिवे बदलते, हँगरचं भाडं घेते, रात्री कुठल्या वस्तीवरून आवाज करत जाऊ नका अशा स्थानिक सूचना देते. पण हवेत कसं वागायचं हे सगळीकडे एकच, ते एफएए म्हणजे तिथली केंद्रीय विमान वाहतूक संस्था ठरवते.

हे रामभरोसे चालत नाही. पट्टीच्या भोवती हवेत एक अदृश्य आयत आखलेला असतो, त्याला पॅटर्न म्हणतात. पट्टीला समांतर पण उलट दिशेने जाणारी बाजू डाउनविंड, मग वळून बेस, आणि शेवटी पट्टीच्या रेषेत आलं की फायनल. उंची साधारणपणे जमिनीपासून १,००० फूट, जेट वगैरे वेगवान विमानांना १,५००. वळणं सगळी डावीकडे (वेगळं काही सांगितलेलं नसेल तर), कारण मुख्य पायलट डाव्या सीटवर बसतो आणि डावीकडे वळत राहिलं की पट्टी सतत त्याच्या खिडकीत राहते. बाहेरून येणाऱ्याने डाउनविंडच्या मध्यावर ४५ अंशात तिरकं आत शिरायचं. उतरताना वारा समोरून हवा, म्हणून कुठली पट्टी वापरायची ते विंडसॉक बघून ठरवायचं.

पट्टीचा नंबर म्हणजे होकायंत्रावरची दिशा जवळच्या दहावर आणून शेवटचं शून्य काढून टाकलेलं, २०० अंशाला तोंड असेल तर २०.   पट्टीचे नंबर कधी कधी बदलतात ते बहुतेक वेळा पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकतो म्हणून.

आता रेडिओ. त्या विमानतळासाठी एक फ्रिक्वेन्सी ठरलेली असते, तिच्यावर प्रत्येक पायलट साधारण १० मैल लांबून आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, काय करणार आहोत ते बोलायला लागतो. बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे गावाचं नाव घ्यायचं, कारण अशा फ्रिक्वेन्सी मोजक्याच आहेत आणि १२२.८ सारखी एकच फ्रिक्वेन्सी कितीतरी विमानतळ वापरतात, तेव्हा शेजारच्या गावातला फायनलवरचा माणूस आपल्या गावातला वाटू शकतो. काही पायलट "आसपास कुणी असेल तर बोला" अशी आरोळी ठोकतात, एफएएने ती स्पष्ट शब्दांत नको म्हटलंय तरी, आणि मला ती सवय खरोखर घातक वाटते, कारण सगळे एकदम उत्तर द्यायला गेले की कुणाचंच ऐकू येत नाही. आपण कुठे आहोत ते सांगावं, ऐकावं, गप्प बसावं. याच रेडिओचा एक सुंदर उपयोग रात्री होतो. बऱ्याच ठिकाणी पट्टीचे दिवे बंदच असतात, पायलटने हवेतून माइकचं बटण ५ सेकंदांत ७ वेळा दाबलं की दिवे फुल लागतात, ५ वेळा दाबलं तर मध्यम, ३ वेळा तर मंद. खाली माणूस नसला तरी चालतं.

पण रेडिओवर बोलणं अशा बऱ्याच विमानतळांवर सक्तीचं नाही. जुनं पायपर कब विमान असतं ना, ज्याला वीजच नसते, इंजिन हाताने पंखा फिरवून सुरू करतात, ते रेडिओशिवाय तिथे कायदेशीर उतरू शकतं. म्हणजे शेवटची जबाबदारी कशावर? डोळ्यांवर. बघा आणि चुकवा, हाच मूळ नियम. आणि इथेच ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला, की टक्कर होणार असलेलं विमान डोळ्याला दिसायला सगळ्यात अवघड असतं. योगायोगाने नाही, भूमितीमुळे.

समजा दोन विमानं आपापल्या सरळ रेषेत, आपापल्या एकसारख्या वेगाने एकाच बिंदूकडे चाललीत आणि तिथे एकाच वेळी पोचणार आहेत. पोचायला २० सेकंद उरलेत तेव्हा दोन विमानं आणि तो बिंदू मिळून एक त्रिकोण होतो. १० सेकंद उरले की पहिल्याचं अंतर निम्मं होतं, दुसऱ्याचंही निम्मं, दोन्ही रेषा त्याच राहिल्या म्हणून मधला कोनही तोच. दोन बाजू एकाच प्रमाणात आणि मधला कोन समान, म्हणजे दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण. आता समरूप त्रिकोणात उरलेले कोनही समान असतात, म्हणजे माझ्या नाकाच्या दिशेपासून दुसरं विमान समजा ४० अंश उजवीकडे दिसत होतं तर ते १० सेकंदांवरही ४० अंशावरच, ५ सेकंदांवरही ४० अंशावरच, २ वरही. काचेवर ते जिथे आहे तिथून हलतच नाही. उलट जे विमान काचेवरून पुढे किंवा मागे सरकताना दिसतं ते आपल्याला आदळणार नसतं.

क्रिकेटचा फील्डर हेच उलटं वापरतो. बाउंडरीकडे चाललेला चेंडू अडवायला तो तिरका पळतो, चेंडू नजरेत पुढे सरकायला लागला की वेग वाढवतो, मागे पडायला लागला की कमी करतो, आणि चेंडू एकाच दिशेला स्थिर दिसत राहिला की गाठ पडणार हे त्याला न मोजता कळतं. चतुर नावाचा कीटक भक्ष्य असंच पकडतो, क्षेपणास्त्रंही याच तत्त्वावर जातात. दर्यावर्दी लोकांना तर हे फार जुनं ठाऊक आहे, दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नाहीये आणि अंतर कमी होतंय म्हणजे धोका.

आता डोळ्याचं बघा. आपली तीक्ष्ण नजर मधल्या एक-दोन अंशांतच असते. बाकीचा जो कडेचा भाग आहे तो आकार नीट ओळखत नाही, तो पकडतो हालचाल. म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यात पाल सरकली तर लगेच मान वळते. पण टक्कर होणारं विमान हलत नाही, म्हणजे कडेच्या नजरेला ते जवळजवळ नसल्यासारखंच. त्यात निळं रिकामं आकाश असेल तर डोळ्याला फोकस करायला काही सापडत नाही आणि तो आपोआप समोरच्या एक-दोन मीटरवर फोकस करून बसतो, लांबचं अजूनच पुसट.

बरं, ते मोठं होतं की नाही? होतं, पण कसं ते बघा. दोन सेसना १५२ ही छोटी विमानं समोरासमोर, प्रत्येकी १०० नॉट वेग (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किलोमीटर), म्हणजे दर सेकंदाला अंतर साधारण १०३ मीटरने कमी. पंखांचा पसारा सुमारे १० मीटर. २५ सेकंद आधी ते चंद्राच्या निम्म्याहूनही कमी दिसतं. साडेबारा सेकंदांवर पंखांची लांबी जेमतेम चंद्राएवढी, तीही बारीक रेघेसारखी, कारण समोरून पंख पातळच दिसतात. ६ सेकंदांवर दुप्पट, ३ वर चौपट, दीड सेकंदावर आठपट. बराच वेळ ठिपका ठिपकाच राहतो आणि शेवटच्या क्षणांत एकदम काच भरून टाकतो. आणि साडेबारा हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. एफएएच्या मार्गदर्शनात दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंतचा हिशोब तेवढाच दिलाय. वस्तू डोळ्यात येणं ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखणं १, टक्कर होणार हे उमगणं ५, कुठे वळायचं ते ठरवणं ४, हाताची हालचाल ०.४, आणि विमानाने ऐकणं २. सगळ्यात मोठा वाटा त्या ५ सेकंदांचा, कारण न हलणारा ठिपका आपल्याकडेच येतोय हे मेंदूला पटायला वेळ लागतो.

म्हणून पायलटला नुसतं बाहेर बघ असं शिकवत नाहीत. आकाशाचा साधारण १० अंशांचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर नजर किमान एक सेकंद थांबवायची, मग पुढचा तुकडा. नजर सर्रकन फिरवली तर ती सरकत असताना डोळा जवळजवळ काहीच टिपत नाही.

आणि आता तो पॅटर्न परत बघितला की त्यातला प्रत्येक नियम या आंधळेपणावरचा उपाय आहे हे लक्षात येतं. सगळे एकाच दिशेने, एकाच उंचीवर, म्हणजे एकमेकांच्या तुलनेतला वेग कमी आणि विचार करायला सेकंद जास्त. ४५ अंशात शिरायचं, म्हणजे डाउनविंडवरचं विमान काचेसमोर आडवं, पूर्ण लांबीचं दिसतं, बारीक रेघ नाही. रेडिओवर ठिकाण सांगायचं, म्हणजे बाकीच्यांना आख्खं आकाश शोधावं लागत नाही, एकच तुकडा शोधायचा.

१८ ऑगस्ट २०२२ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविल म्युनिसिपल एअरपोर्टवर जे घडलं ते याच दृष्टीने समजून घ्यायला हवं. टॉवर नाही, भर दुपार. सेसना १५२ पॅटर्नमध्ये फिरत सराव करत होतं. दुसरं, दोन इंजिनांचं सेसना ३४०, लांबून सरळ फायनलवर येत होतं, वेग १८० नॉटच्या आसपास, जो उतरणाऱ्या अशा विमानाला फारच जास्त आहे. दोघंही रेडिओवर बोलत होते, हे महत्त्वाचं. १५२च्या पायलटने शेवटी तू फार वेगाने येतोयस, मी लँडिंग सोडून पुढे जातो असं सांगितलंही. पट्टीच्या अलीकडे टक्कर झाली, दोन्ही विमानांतली मिळून ३ माणसं गेली. एनटीएसबी या तपास संस्थेने कारण दिलं ते ३४०च्या पायलटने समोरचं विमान बघून चुकवलं नाही हे. पण हिशोब करा, १५२ उतरताना ६०-७० नॉटने जातं. फरक धरा ११० नॉट. एक नॉटिकल मैल मागे असलेलं विमान ३३ सेकंदांत अंगावर. आणि १५२चे पंख छताला असतात, वळताना ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूचा पंख खाली येऊन खिडकी झाकतो. डाउनविंडवरून बेसला वळणाऱ्याला नेमकी तीच बाजू बघायची असते.

सरळ आत येणं बेकायदा नाही. एफएए एवढंच म्हणते की पॅटर्नमधल्यांच्या रांगेत खोडा घालू नका. नियमात फायनलवरच्याला प्राधान्य आहे, दोघं असतील तर खालच्या उंचीवरच्याला, पण लगेच पुढे लिहिलंय की या सवलतीचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. माझं मत विचाराल तर पॅटर्नमध्ये कुणी असेल तेव्हा दोन-चार मिनिटं जास्त लावून सगळ्यांसारखं डाउनविंडनेच यावं.

आता एआय आणि स्क्रीन आल्या, डोळ्यांचं काम संपलं अशा बातम्या वाचायला मिळतात. एडीएस-बी ही चांगलीच सोय आहे, विमान दर सेकंदाला आपलं ठिकाण प्रसारित करतं आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर ते उमटतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवती आणि जास्त उंचीवर ते सक्तीचं झालं. पण टॉवर नसलेल्या बहुतेक छोट्या विमानतळांच्या आसपास ते अजूनही सक्तीचं नाही, आणि ते वीज नसलेलं पायपर कब कुठल्याच स्क्रीनवर येत नाही. स्क्रीन कुठे बघायचं ते सांगते, ठिपका त्या तुकड्यात शोधावा लागतो तो खिडकीतूनच, आणि तो हलत नसेल तर तो सरकेपर्यंत आपणच दिशा किंवा उंची बदलायची.