ऊठ की ऊट? सीमाभागातील कर्णबधिर मुलांच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

कर्णबधिर मुलाच्या वाढीविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा सूर बहुतेक आईचा किंवा शिक्षिकेचा आहे. बेरा टेस्टचा, म्हणजे ऐकू येते का हे तपासणाऱ्या चाचणीचा, कागद हातात पडला तो दिवस, कानाला लावलेले पहिले मशीन, बऱ्याच महिन्यांनी उमटलेला पहिला शब्द. मूल स्वतः मोठे होऊन बोलते आहे, असे पान क्वचितच सापडते. या पुस्तकांतली घरे मुंबई-पुण्याकडची. त्यामुळे त्यांतला एक सल्ला बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आला आणि अडकला: मुलाशी एकाच भाषेत बोला.

मागचा इतिहास थोडक्यात आटोपतो. नाथांच्या भारुडांत मुका आणि बहिरा आहेत, पण ती अध्यात्माची सोंगे. लोककथांतला बहिरा हसण्यापुरता. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली ती १८८०च्या दशकात, बेळगाव मुंबई इलाख्यात असताना. त्याच्या थोडे आधी, १८८० साली, इटलीत मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि मुलांना खुणांनी नव्हे, तोंडी बोलूनच शिकवावे असे ठरले. दीडशेवर प्रतिनिधींत बहिरा माणूस एकच होता. याच परिषदेच्या पुढच्या काळातल्या एका अधिवेशनाने या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० साली. मधल्या १३० वर्षांत लिहिलेल्या पालक-मार्गदर्शक पुस्तकांवर त्या ठरावाची सावली आहे. ‘हात धरून ठेवा, ओठ बघायला लावा’ हा उपदेश तिथूनच आला.

शब्दांचाही गुंता आहे. जुन्या पाट्यांवर ‘मूकबधिर’ होते. बहुतेक मुलांचा गळा ठणठणीत असतो, ऐकलेले नसते म्हणून बोलणे येत नाही, तेव्हा ‘मूक’ गळाले आणि ‘कर्णबधिर’ आले. बधिर म्हणजेच बहिरा, तेव्हा हा शब्द पिवळा पीतांबरच. तरी त्याने एक खोटा आरोप पुसला, हे मान्य करायला हवे. नंतर सरकारी कागदांत ‘श्रवणबाधित’ आणि ‘दिव्यांग’ आले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक तूट असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे, अशी फोड केली. सीमाभागात याच्या जोडीला कन्नड शब्द आहेत, किवुड आणि मूग. दुसरा ऐकला की मराठी माणसाला मूग गिळून बसणे आठवते. शब्दांचे नाते काहीही असो, योगायोग बोचरा आहे.

आता एकाच भाषेच्या त्या सल्ल्याकडे. त्यामागचे तर्कशास्त्र साधे होते. मशीन लावूनही मुलापर्यंत शब्द तुटक पोचतात. ते दोन भाषांत वाटले तर एकही पुरी होणार नाही. शिवाय ओठवाचनाचा प्रश्न. पान, बाण, भान, मान हे चारही ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. कोणता शब्द ते पुढच्या-मागच्या वाक्यावरून ओळखायचे. त्यात आई सकाळी ‘ऊठ’ म्हणते आणि शेजारीण दुपारी ‘ऊट’ झाले का विचारते, म्हणजे कन्नडमध्ये जेवण. ओठ तेच, अर्थ दोन.

पण एक भाषा म्हणजे कोणती? १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि इथल्या मराठी घरात हा प्रश्न कधीच नुसता उपचाराचा राहिला नाही. मिरज-कोल्हापूरला दाखवले तर स्पीच थेरपी मराठीत. म्हैसूरच्या राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेकडे गेले तर कन्नड किंवा इंग्रजी. जवळची विशेष शाळा आणि तिचे वसतिगृह कन्नडचे असेल, तर मूल सणाला घरी येते ते आजीला न कळणारे शब्द घेऊन. मग कुणीतरी सांगते, आजीने त्याच्याशी मराठी बोलू नये. एकभाषी घरांतून आलेल्या सल्ल्याने बहुभाषी घरात आजीलाच गप्प केले, असे माझे मत आहे. अलीकडचे संशोधन दुसऱ्या भाषेने मुलाचे नुकसान होतेच असे मानत नाही, पण जुनी पुस्तके अजून हातोहात फिरतात.

कायद्याने गाठ सुटली नाही, उलट घट्ट झाली. २०१५च्या राज्य कायद्याने शाळांत कन्नड सक्तीचे झाले. २०१६च्या केंद्रीय कायद्याने अपंग विद्यार्थ्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद केली. सवलत म्हणून ती रास्तच. पण पहिली भाषा कन्नड असलेल्या शाळेत ही सूट घेतली की गळते ती घरची भाषा, आणि मराठी माध्यमात घेतली की पुढे राज्याच्या नोकरीला लागणारे कन्नड.

खुणांच्या भाषेला ही सीमा फारशी जाणवली नाही. १९७०च्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांचा मोठा भाग एकमेकांशी जुळणारा निघाला. २०१८ साली तीन हजार शब्दांचा भारतीय खुणांचा कोश आला, २०२१पर्यंत तो दहा हजारांवर गेला. २०२०च्या करारानंतर पाठ्यपुस्तके खुणांत उतरू लागली आणि डिसेंबर २०२४मध्ये स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाली. याच्या काही वर्षे आधीपासून केंद्राच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या उपकरणासाठी, मदत मिळू लागली होती. नव्या पुस्तकांत त्यामुळे शस्त्रक्रियेचे प्रकरण लांबले आहे आणि खुणांचे आखडले आहे.

एक जुनी सूचना मात्र जवळपास प्रत्येक पुस्तकात टिकून आहे: घरातल्या वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवा, म्हणजे ऐकू न येणारा शब्द डोळ्यांनी भेटेल. मुंबईत ‘दार’ लिहिले की झाले. निपाणीत ‘दार’ लिहायचे की कन्नड लिपीत ‘बागिलु’? दोन्ही लावायच्या ठरवल्या, तर वरची चिठ्ठी कोणती, हा प्रश्न दुकानांच्या पाट्यांवरून भांडणाऱ्या गावाला नवा नाही.