सोळाव्या वर्षी फिल्म शिकायची, तीही फी न भरता: ब्रिटनमधल्या स्क्रीन कॉलेजांची पार्श्वभूमी

माझी भाची लंडनला असते. गेल्या वर्षी तिनं ए-लेव्हल (तिकडची बारावीसारखी परीक्षा) न घेता फिल्म आणि टेलिव्हिजन प्रॉडक्शन शिकवणाऱ्या कॉलेजात जायचं ठरवलं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ, म्हणजे हे आयटीआयसारखं आहे का, बारावी धरतात का, पुढे डिग्री करता येते का, फी किती, आणि पुण्याच्या काकांचा एकच प्रश्न, की तिकडे कुणाची ओळख आहे का. उत्तरं सोपी होती. बारावीच्या बरोबरीचं धरतात, डिग्रीला जाता येतं आणि फी नाही. पण ओळखीचा तो प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला, कारण ही कॉलेजं निघाली त्यामागचा सगळा इतिहासच त्या प्रश्नाभोवती फिरतो.

आधी सिक्स्थ फॉर्म म्हणजे काय ते. ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीत माध्यमिक शाळेचे वर्ग अकराव्या वर्षापासून फर्स्ट फॉर्म, सेकंड फॉर्म असे मोजायचे, पाचवा फॉर्म सोळाव्या वर्षी संपायचा आणि त्यापुढची दोन वर्षं म्हणजे सिक्स्थ फॉर्म, आपली अकरावी-बारावी समजा. शाळेपासून वेगळं, फक्त ह्या दोन वर्षांचं कॉलेज ही कल्पना १९६०च्या दशकातली, ल्युटनचं १९६६ सालचं कॉलेज हे पहिलं मानतात. ह्या वयात शिक्षण सरकारी खर्चानं असतं, आणि २०१५पासून इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत काही ना काही शिकत किंवा ट्रेनिंग घेत राहणं कायद्यानंच बंधनकारक आहे. मग शाळेत मन न रमणाऱ्या मुलांसाठी ह्या दोन वर्षांत काय ठेवायचं हा प्रश्न येतोच.

आता सिनेमाची बाजू. ब्रिटिश सिनेमात सुरुवातीची पन्नासेक वर्षं शाळा नावाची गोष्ट जवळजवळ नव्हतीच, कुणीतरी आत घ्यायचं आणि बघत बघत शिकायचं. लंडनमधला इस्लिंग्टन नावाचा स्टुडिओ पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला, तिथे एका केबल कंपनीत नोकरी करणारा तरुण मूकपटांत संवाद दाखवायच्या पाट्यांची डिझाइनं घेऊन गेला आणि चिकटला, तो आल्फ्रेड हिचकॉक. डेव्हिड लीन १९२७ साली लाइम ग्रोव्हच्या स्टुडिओत चहा देणारा पोऱ्या म्हणून लागला, मग क्लॅपर, मग एडिटिंग रूम. आपले दादासाहेब फाळके १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले तेव्हा त्यांचीही तिथे कुणाशी ओळख नव्हती, बायोस्कोप साप्ताहिकाची पाटी दिसली म्हणून सरळ आत शिरले, संपादकानं त्यांना वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थकडे पाठवलं आणि हेपवर्थनं आपला स्टुडिओ, सगळी खाती, सगळी कामं उघडून दाखवली. मला ही गोष्ट फार आवडते. एक माणूस दार उघडतो आणि दुसऱ्या देशात एक अख्खा उद्योग उभा राहतो. पण ते दार त्या एका माणसाच्या मनावर होतं हेही तितकंच खरं, आणि हेपवर्थच्या जागी दुसरा कुणी असता तर काय झालं असतं हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

पुढे ते दार आणखी अरुंद झालं. १९३३ साली सिने-तंत्रज्ञांची युनियन निघाली, टेलिव्हिजन आल्यावर तिच्या नावात ते जोडलं गेलं आणि एसीटीटी हे नाव पडलं. युनियननं पगार, कामाचे तास, ओव्हरटाइम सगळं चांगलं करून दिलं, त्याबद्दल दुमत नाही, पण स्टुडिओत आणि आयटीव्ही ह्या खाजगी चॅनेलच्या कंपन्यांत युनियन कार्डाशिवाय काम मिळत नसे आणि कामाशिवाय कार्ड मिळत नसे. ह्या चक्रात ज्याचा बाप, काका, शेजारी आत आहे तो आत जायचा. बीबीसीचं स्वतःचं ट्रेनिंग उत्तम होतं, ईव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टनला त्यांचे इंजिनीअर घडायचे, पण त्यासाठी आधी बीबीसीत निवड व्हायला लागायची. नॅशनल फिल्म स्कूल १९७१ला बीकन्सफील्डच्या जुन्या स्टुडिओत सुरू झालं ते २५ विद्यार्थ्यांवर. पंचवीस! आणि तेही वयानं मोठे, काहीतरी आधी करून आलेले. सोळा वर्षांच्या मुलासाठी ह्यात कुठेच जागा नव्हती.

शाळांमध्ये मात्र वेगळ्या बाजूनं सुरुवात झाली. १९६३चा न्यूसम अहवाल हा सर्वसाधारण आणि त्याहून कमी मार्कांच्या १३ ते १६ वयाच्या मुलांबद्दल होता, त्यानं स्पष्ट म्हटलं की फिल्म आणि टेलिव्हिजन हे अभ्यासाचे विषय म्हणून शाळेत यायला हवेत. म्हणजे बघा, हुशार मुलांसाठी ऐच्छिक गंमत म्हणून नाही, ज्यांना व्यवस्था मागे टाकते त्यांच्यासाठी. पण तेव्हा अभ्यास म्हणजे बघणं आणि चर्चा करणं, कारण सोळा एमएमची रीळ आणि प्रोसेसिंगचा खर्च शाळेला कसा परवडणार. व्हिडिओ कॅमेरे आल्यावर हे बदललं, मग १९९०च्या दशकाच्या मध्यात डीव्ही कॅमेरे आले आणि थोड्याच वर्षांत साध्या कॉम्प्युटरवर एडिटिंग व्हायला लागलं. मीडिया स्टडीजचं ए-लेव्हल आणि बीटेक (आपलं इंजिनीअरिंगचं बी.टेक. नव्हे, BTEC नावाचा व्यवसाय-शिक्षणाचा कोर्स) ही दोन नावं त्याच काळात घरोघरी पोचली. पहिल्यात निबंध जास्त, दुसऱ्यात हातानं करायचं जास्त. वर्तमानपत्रांनी मीडिया स्टडीजची वर्षानुवर्षं टिंगल केली, हा काय विषय आहे का वगैरे, आणि ती टिंगल मला कधीच पटली नाही, ज्या गोष्टीसमोर अख्खा देश रोज संध्याकाळी तासन्‌तास बसतो ती कशी बनते हे मुलांनी शिकू नये असं म्हणणं चुकीचंच आहे.

दरम्यान केनेथ बेकर शिक्षणमंत्री असताना त्यांनी उद्योगांच्या मदतीनं चालणाऱ्या सिटी टेक्नॉलॉजी कॉलेजांची योजना आणली, १९८८च्या कायद्यात ती बसवली आणि त्यातूनच १९९१ला क्रॉयडनमधली ब्रिट स्कूल सुरू झाली. रेकॉर्ड कंपन्यांनी पैसा दिला, १९९०च्या नेबवर्थ कॉन्सर्टचं उत्पन्नही त्यात गेलं. लोकांना ती गायकांमुळे माहीत आहे पण तिथे फिल्म आणि मीडियाही शिकवतात, आणि मोठी गोष्ट अशी की खाजगी कलाशाळा मोठी फी घेतात तशी ही घेत नाही. ह्याच बेकर यांच्या पुढच्या योजनेतून, युनिव्हर्सिटी टेक्निकल कॉलेजांच्या, २०१३ला बोरमवुडला एल्स्ट्री यूटीसी उघडली, स्टुडिओंच्या अगदी जवळ.

पण उद्योगालाच अशी कॉलेजं का हवीशी वाटली? माझ्या मते कारण परोपकारापेक्षा गरजेचं जास्त आहे. १९९०च्या ब्रॉडकास्टिंग कायद्यानं बीबीसी आणि आयटीव्हीला २५ टक्के कार्यक्रम बाहेरच्या स्वतंत्र निर्मात्यांकडून घ्यायला लावले, त्याच वर्षीच्या एम्प्लॉयमेंट कायद्यानं युनियन मेंबर नाही म्हणून काम नाकारणं बेकायदेशीर ठरलं. म्हणजे कार्डाचं दार तर उघडलं, पण ज्या मोठ्या संस्था माणसं नोकरीवर ठेवून शिकवायच्या त्याही आकसल्या, सगळे फ्रीलान्स झाले आणि फ्रीलान्सरला कोण शिकवणार, शूटिंग तीन महिन्यांचं, ट्रेनिंगला वेळ कुणाकडे. नवीन पोरं रनर म्हणून, म्हणजे सेटवर वरकाम करणारी, फुकट किंवा अगदी थोड्या पैशावर राबायला लागली. आणि लंडनमध्ये घर असल्याशिवाय फुकट राबणं परवडत नाही, त्यामुळे ओळखीच्या जोडीला आता पैसाही लागायला लागला. हे मला जुन्या कार्डाच्या पद्धतीपेक्षाही वाईट वाटतं, कारण ह्यात नाव सुद्धा घेता येईल असा नियम नव्हता, नुसतीच गाळणी होती.

त्यावर कामाचा पूर आला. लीव्ह्स्डनच्या जुन्या विमान कारखान्यात दहा वर्षं हॅरी पॉटरचे सिनेमे बनले, २००७ला फिल्मसाठी नवी कर-सवलत आली, २०१३ला मोठ्या बजेटच्या टीव्ही मालिकांना, आणि अमेरिकन कंपन्या, मग स्ट्रीमिंगवाले, रांगेनं आले. स्टुडिओ बुक, पण माणसं कुठायत? डायरेक्टर नव्हे हो, प्रॉडक्शन अकाउंटंट, लोकेशन मॅनेजर, ग्रिप, सुतार, फोकस पुलर, असिस्टंट डायरेक्टर.

ह्या वातावरणात लंडन स्क्रीन अकॅडमी निघाली. बाँडपटांचे बार्बरा ब्रोकोली आणि मायकेल विल्सन, वर्किंग टायटलचे टिम बेव्हन आणि एरिक फेलनर, हॅरी पॉटरचे डेव्हिड हेमन, शिवाय लिसा ब्रायर, हे निर्माते एकत्र आले आणि २०१९च्या सप्टेंबरात हायबरी ग्रोव्हवर, लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीच्या जुन्या इमारतीत, सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी सरकारी पैशावर चालणारी अकॅडमी सुरू झाली. हायबरी इस्लिंग्टनमध्ये येतं. हिचकॉक पाट्या घेऊन गेला तो स्टुडिओही जवळच, मधे साधारण शंभर वर्षं. कायद्याच्या भाषेत ही १६-१९ फ्री स्कूल (सरकारी पैशावर पण स्थानिक कौन्सिलबाहेर चालणारी शाळा) आहे, सिक्स्थ फॉर्म कॉलेज हा वेगळा प्रकार, पण घरी सगळे सिक्स्थ फॉर्मच म्हणतात.

शिकवतात काय? डिप्लोमा तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचा असतो, लेखी परीक्षांऐवजी प्रोजेक्टमागून प्रोजेक्ट, आणि शेवटी एक मोठा प्रोजेक्ट ज्यावर बरंच काही ठरतं. पहिल्यांदा सगळी खाती फिरायची, स्क्रिप्ट, कॅमेरा, साउंड, एडिट, आर्ट, कॉश्च्युम, प्रॉडक्शन, मग आपली वाट निवडायची. अशाच एका कॉलेजच्या ओपन इव्हिनिंगला मी भाचीबरोबर गेले होते, मला वाटलं होतं कॅमेरे दाखवतील, तर तिथल्या मुलीनं आम्हाला आधी कॉल शीट (त्या दिवसाच्या शूटिंगचं वेळापत्रक) आणि रिस्क असेसमेंटचा, म्हणजे धोके तपासायचा फॉर्म दाखवला, की रस्त्यावर वायर टाकली तर ती टेपनं चिकटवायची, कुणाची परवानगी लागते, जेवणाची सुट्टी किती वाजता. सतरा वर्षांची पोरगी हे सगळं इतक्या सहज सांगत होती की मी बघतच राहिले. शिवाय ज्यांचं जीसीएसईला (सोळाव्या वर्षीची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) गणित किंवा इंग्रजी चौथ्या ग्रेडखाली राहिलंय त्यांना २०१४पासून ते विषय चालू ठेवावेच लागतात, फिल्म शिकतोय म्हणून सुटका नाही.

सोपं मात्र काही नाहीये. फी नसली तरी ट्यूब-ट्रेनचा खर्च, जेवण, आणि प्रोजेक्टच्या दिवसांत उशिरापर्यंत थांबणं आहेच. गरीब घरातल्या मुलांना आठवड्याला तीस पौंडांपर्यंत मिळणारा एज्युकेशन मेंटेनन्स अलाउन्स इंग्लंडमध्ये २०११ला बंद झाला, त्याजागी जी बर्सरी, म्हणजे गरजूंना मदतीची रक्कम, आली ती खूप कमी मुलांपर्यंत पोचते. लंडन स्क्रीन अकॅडमीच्या पहिल्या बॅचचं तर पहिलंच वर्ष संपायच्या आत २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, विचार करा, सेटवर जाऊन शिकायचा कोर्स आणि तुम्ही घरात. नंतर कामाचा उच्चांक आला, २०२२ला यूकेत फिल्म आणि मोठ्या मालिकांवर सहा अब्ज पौंडांहून जास्त खर्च झाला, आणि लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या लेखकांचा आणि कलाकारांचा संप, तिकडचं काम थांबलं की इकडचे फ्रीलान्सर महिनोन्‌महिने घरी.

आणि वर सरकारनं टी-लेव्हल नावाचे नवे तांत्रिक कोर्स आणताना बीटेकसारख्या बऱ्याच कोर्सचे पैसे काढून घ्यायचं ठरवलं होतं, २०२४ला नव्या सरकारनं ते थांबवून पुन्हा तपासायला घेतलं. अशा कॉलेजांतले शिक्षक मधली काही वर्षं, पुढच्या बॅचला हाच डिप्लोमा असेल की नाही ह्या चिंतेत शिकवत होते.

भाची डायरेक्टर व्हायला गेली होती. आता तिला साउंड हवंय, पुढच्या वर्षी तेच घेणार म्हणते, आणि काकांना तिनं ग्रुपवर बूम (माइकचा लांब दांडा) धरलेला फोटो टाकून सांगितलं की शूटवर बोलावणारी माणसं तिच्या वर्गातलीच आहेत.