अल्प्राझोलाम: लवकर गुण देणारी, लवकर उतरणारी गोळी

चिंतेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली की आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "ही झोपेची गोळी का?" गुंगी येते हे खरं, पण तिचं मुख्य काम वेगळं. मेंदूत गाबा नावाचं रसायन मज्जापेशींना आवर घालतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. घेतल्यावर 1 ते 2 तासांत तिचं रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त होतं, आणि नंतर साधारण 11 तासांत निम्म्यावर येतं. वृद्धांना आणि यकृताचा आजार असलेल्यांना जास्त वेळ लागतो.

चिठ्ठीवर बरेचदा सोबत एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनही असते. चिंतेवरचं दीर्घकाळाचं औषध ते. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर धडधड, थरथर सोसवत नाही म्हणून ही गोळी. पण लगेच बरं वाटतं ते हिच्यामुळे, मग लोक नेमकं दुसरं औषध सोडतात आणि हीच मागायला येतात. खरी अडचण इथून सुरू होते.

गोळीचा अंमल उतरला की चिंता पुन्हा डोकं वर काढते. आजार बळावला असं वाटून माणूस मनानेच एक जास्त घेतो. अशीच सवय लागते, आणि ती ठरल्या डोसातही लागू शकते. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर झोप उडते, घाम फुटतो, झटकेही येऊ शकतात. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

पट्टीवरचा आकडा वाचूनच गोळी काढा. 0.5 म्हणजे 0.25 च्या दुप्पट, आणि सुरुवात बहुधा 0.25 किंवा 0.5 मिलिग्रॅमनेच होते.

दारू पूर्ण बंद. दुखण्यासाठीची ट्रामाडोल किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चालू असेल तर आधी सांगा; एकत्र घेतल्यास श्वास मंदावतो. नायट्यासाठी इट्राकोनाझोल घेत असाल तर तेही सांगा, त्याने ही गोळी शरीरात साचते. गरोदर असाल किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

गुंगी असेतो गाडी चालवू नका. घरातलं वयस्कर माणूस ही गोळी घेत असेल तर रात्री संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, तोल जातो.

उरलेल्या गोळ्या "तुलाही टेन्शन आहे ना" म्हणून कुणाला देऊ नका. पट्टी आमच्याकडे आणून द्या.