परदेशी टपालावर देशांतर्गत तिकिटांचा वापर

परदेशी पत्राचे टपालहशील (टपालखर्च) स्वदेशातील नेहमीच्या तिकिटांनी भरण्याची पद्धत. भारतात परदेशासाठी निराळे तिकीट विकले जात नाही. निराळा असतो तो दर, आणि लावलेल्या तिकिटांच्या किमतींची बेरीज त्या दराइतकी भरली की पुरे. पुण्यात साधू वासवानी रस्त्यावरील मुख्य टपाल कार्यालयात घेतलेली पाच रुपयांची तिकिटे सोलापूरच्या पत्राला चालतात, तशीच टोकियोच्याही.

या पद्धतीचा आधार ९ ऑक्टोबर १८७४ चा बर्न येथील करार व त्यातून उभी राहिलेली जागतिक टपाल संघटना हा होय. भारत तिचा सभासद झाला १ जुलै १८७६ रोजी. प्रत्येक पत्राला साधारण एक उत्तर येतेच, या गृहीतकावर ज्या देशात हशील गोळा होई तो देश ते स्वतःकडेच ठेवी. पोहोचवणाऱ्या देशाला मोबदला देण्याची व्यवस्था टोकियोच्या १९६९ च्या अधिवेशनात ठरली.

करारापूर्वीचे चित्र गुंतागुंतीचे आहे. १८५४ चे चार आण्यांचे दुरंगी तिकीट मुख्यतः विलायतेच्या पत्रांसाठी काढले असे मानण्याकडे कल दिसतो. साउदॅम्प्टनमार्गे जाणाऱ्या पत्राचा सहा पेन्सांचा दर चार आण्यांच्या बरोबरीचा होता, हे त्याला पोषक. मात्र त्या वर्षीच्या दरपत्रकाप्रमाणे दोन तोळ्यांच्या अंतर्देशीय पत्रालाही चार आणेच पडत. तेव्हा तिकीट दोन्हींकडे चालावे म्हणून काढले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. परदेशी दराशी थेट नाते सांगता येते ते पुढच्या काळात: हा दर उतरल्यावर १ जानेवारी १८९१ रोजी साडेचार आण्यांच्या हिरव्या तिकिटावर ‘अडीच आणे’ असा जादा छाप मारून ते विक्रीस आले. नंतर अडीच आण्यांचे स्वतंत्र तिकीट हिरव्या रंगात निघाले आणि १९०० च्या सुमारास ते निळे झाले. परदेशी पत्रदराचे तिकीट निळे, कार्डाचे तांबडे, छापील मजकुराचे हिरवे, असा संघटनेचा संकेत होता. मात्र निळे तिकीट देशातल्या पत्राला लावू नये, असा त्याचा अर्थ नव्हे.

२५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांसाठी एक आण्याचा दर लागू झाला. सदाशिव पेठेतून लंडनला एका आण्यात पत्र जाई. बर्लिनला अडीच आणे. दराच्या लेखी अंतरापेक्षा राजकीय सीमा मोठी. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत हिंदुस्थानच्याच टपालक्षेत्रात असल्याने मंडालेच्या तुरुंगातून (१९०८–१४) लोकमान्य टिळकांची पुण्यास येणारी पत्रे समुद्र ओलांडूनही अंतर्देशीयच ठरत. स्वातंत्र्यानंतर २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले राष्ट्रध्वजाचे साडेतीन आण्यांचे तिकीट परदेशी पत्रव्यवहारासाठी, तर १५ डिसेंबरचे अशोकस्तंभाचे दीड आण्याचे देशातल्यासाठी योजले होते. वापरावर निर्बंध मात्र कशावरच नव्हता. नेपाळ व भूतानसाठी पुढेही दीर्घकाळ अंतर्देशीय दरच राहिला.

प्रत्यक्षात अडचण येते ती जागेची. लहान किमतीची तिकिटे जमवून लावल्यास ती पत्त्यावर सरकतात किंवा पाठीमागे जातात, आणि तारखेचा शिक्का काहींवर नीट उमटत नाही. टपालपेटीत टाकण्यापूर्वी पाकीट खिडकीवर वजन करून घेणे म्हणूनच बरे. देशाचे नाव रोमन लिपीत शेवटच्या ओळीवर लिहितात. हशील कमी पडल्यास पाकिटावर ‘टी’ अक्षराचा शिक्का बसतो व फरक बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होतो.

उत्तरासाठी पाकिटात भारतीय तिकीट घालून पाठवणे निरुपयोगी आहे, कारण ते परक्या देशात चालत नाही. त्यासाठी रोमच्या १९०६ च्या अधिवेशनात ठरलेले आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन असते; ते देऊन तिकडे उत्तरासाठी तिकीट घेता येते. अमेरिका व ब्रिटनमध्ये रकमेऐवजी दराचा प्रकार छापलेली तिकिटेही चालतात. परदेशी पत्रावर ती लावताना त्यांची चालू किंमत धरून फरक भरावा लागतो. भारतीय तिकिटावर रक्कमच छापलेली असल्याने तो हिशेब येथे उद्भवत नाही.