जपानी सर्व्हर म्हणजे बांगडा!

आपण गूगल 'करतो'. इंग्लिश शब्द उचलायचा आणि मागे करणे लावायचं, चेक करणे, फॉरवर्ड करणे, झालं काम. जपानीतही हीच सोय आहे, त्यांच्या करणेला 'सुरु' म्हणतात (आपल्या सुरूशी काही संबंध नाही हां) आणि चेक करणे म्हणजे 'चेक्कु सुरु'. पण गूगल करायला मात्र तिकडच्या नेटवरच्या पोरांनी सरळ नवीन क्रियापदच पाडलंय, 'गुगुरु'.

यात नशिबाचाही भाग आहे. जपानीत ल नाही, आणि न सोडला तर शब्दाच्या शेवटी नुसतं व्यंजन चालत नाही, त्यामुळे गूगलचं झालं 'गूगुरु', आणि जपानीत ढीगभर क्रियापदं रु वरच संपतात. म्हणजे कंपनीचं नावच आयतं क्रियापद निघालं! मग काय, पहिला ऊ आखूड केला आणि लागले चालवायला: गुगुत्ता म्हणजे गूगल केलं, गुगुरानाई म्हणजे करत नाही, आणि गुगुरे म्हणजे कर की लेका. ट्रबलचं 'तोराबुरु' आणि डबलचं 'दाबुरु' याच वाटेने आलेत.

रु आयता नसेल तर चिकटवतात. बझ या इंग्लिश शब्दावरून 'बाझुरु', म्हणजे व्हायरल होणे, तेही बहुतेक चांगल्या अर्थाने, कारण लोक तुटून पडले तर त्याला 'एन्जोउ' म्हणतात, आगीचा भडका. डिसरिस्पेक्टचं शेपूट छाटून 'दिसुरु', म्हणजे कुणाला तरी नावं ठेवणे. लिहिताना उसना तुकडा काताकाना लिपीत (परक्या शब्दांसाठीची) आणि शेवटचा रु हिरागानात (जपानी शब्दांची लिपी), म्हणजे ठिगळ कुठे लावलंय ते डोळ्यांना दिसतं.

विशेषणाला ई लावतात. इमोशनलवरून 'एमोई', मन भरून येईल असं काहीतरी, सानसेइदो या कोश छापणाऱ्या प्रकाशनाच्या 2016 च्या नव्या शब्दांच्या यादीत हा दुसरा होता. आणि जपानी विशेषणांना भूतकाळही असतो, म्हणून 'एमोकात्ता'!

पण माझा लाडका बांगडाच. सर्व्हरचा जपानी उच्चार 'साबा'च्या जवळ जातो, आणि साबा म्हणजे बांगडा. टाइप करताना उच्चार लिहिला की कॉम्प्युटर त्या उच्चाराची चित्रलिपीतली अक्षरं पुढे करतो, त्यातलं माशाचं अक्षर लोकांनी मुद्दाम घेतलं आणि सर्व्हर डाउन झाला की म्हणायला लागले 'साबा ओची', बांगडा पडला. अकाउंटचं 'आका', म्हणजे अंगावरचा मळ, त्यामुळे प्रायव्हेट अकाउंट झालं 'कागीआका', किल्लीवाला मळ, आणि गुपचूप काढलेलं दुसरं अकाउंट 'उराआका', मागल्या बाजूचा मळ. प्रॉक्सीचं (म्हणजे मधल्या कॉम्प्युटरमार्फत नेटवर जाण्याची सोय) शेपूट पकडून 'कुशी', म्हणजे मांस भाजायची काडी, आणि प्रॉक्सी लावली याला काय म्हणतात, तर काडी खुपसली.