वास्तुविशारदांचे प्रादेशिक अधिवेशन

एखाद्या राज्यातील वा विभागातील आर्किटेक्ट दोन-तीन दिवस एकत्र जमून व्याख्याने ऐकतात आणि यजमान शहरातील इमारती हिंडून पाहतात, तो मेळावा. भारतात असे मेळावे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या राज्य शाखा व शहरांतील केंद्रे भरवतात. या संस्थेचे मूळ मुंबईचे : जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या संघटनेला १९२९ मध्ये सध्याचे नाव मिळाले. अमेरिकेत अशा मेळाव्यांतील सत्रे व्यावसायिक शिक्षणात धरली जातात : अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या सभासदांना वर्षाला १८ शिक्षण-एकके (सत्रांना हजर राहून मिळणारे गुण) मिळवावी लागतात. अशी एकके देणाऱ्या सत्रांत हजेरीची नोंद काटेकोर ठेवावी लागते.

मेळाव्याचा जीव इमारत-दर्शनात असतो. व्याख्यानात पडद्यावर दिसणारी इमारत नुकतीच रंगवलेली असते. दहा पावसाळे काढलेली इमारत प्रत्यक्ष पाहावी. छज्ज्याच्या खालच्या कडेला ड्रिप मोल्ड (पाणी कडेलाच खाली गळावे म्हणून केलेली खाच वा पट्टी) नसेल, तर पाणी छज्ज्याच्या पोटावरून भिंतीकडे सरकते आणि काळे ओघळ उमटतात. गच्चीवर कठड्याच्या बुडाचा वाटा (कठडा व गच्ची जुळतात त्या कोपऱ्यातला गोलसर गिलावा) तडकला आहे का ते बघावे. कोब्यावर (गच्चीच्या पाणीरोधक थरावर) बादलीभर पाणी ओतले की उतार पाइपाकडे आहे की मध्येच डबके होते, हे मिनिटभरात कळते.

वेळ चुकली की निम्मे दर्शन वाया जाते. मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या इमारती, पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक शैलीच्या (दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारसा). मैदानाकडे पाहणारी डेकोची दर्शनी बाजू सकाळी उजळते. विद्यापीठ व उच्च न्यायालयाच्या मैदानाकडील अंगावर ऊन दुपारनंतर येते. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची ‘कांचनजुंगा’ ही उंच निवासी इमारत (१९८३) दुपारीच पाहावी. मुंबईत वारा पश्चिमेचा. तापते ऊन आणि पाऊसही तिकडूनच. हा पेच कोपऱ्यातल्या दुमजली उंचीच्या गच्च्यांनी कसा सोडवला, ते त्या वेळी उमगते. राहत्या इमारतीसाठी सोसायटीची लेखी परवानगी आधीच काढावी.

एका माहीतगारामागे २० ते २५ जण पुरे. त्याहून मोठा गट जिन्यात तुंबतो आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. प्रत्येकाच्या हाती इमारतीचा नकाशा व छेद (उभी कापल्यास आतून कशी दिसेल ते चित्र) यांचा एक कागद असावा. अर्ध्या दिवसात दोनच इमारती बसतात; तिसरी घुसवली की ती बसच्या खिडकीतून पाहावी लागते. चालू बांधकामावर हेल्मेट व बंद बूट हवेत. स्लॅब भरण्याच्या दिवशी ठेकेदार नकार देतो, ते योग्यच आहे.

संयोजक बहुधा इमारतीचा पाण्याचा पंप चालवणाऱ्याला बोलवायला विसरतात. गळती कुठे होते हे त्याला ठाऊक असते, आणि गच्चीची किल्लीही त्याच्याचकडे असते.