तुलनात्मक आलेख

दोन किंवा अधिक सामग्रीसंच एकाच प्रमाणावर रेखून त्यांतील साम्यभेद पाहण्याची सांख्यिकीय पद्धती. जोडस्तंभालेख, रेषालेख, आयतालेख इ. प्रकार शालेय गणितातून परिचित आहेत.

उगमाविषयी मतभेद आहेत. सुमारे दहाव्या-अकराव्या शतकातील एका लॅटिन हस्तलिखितात ग्रहांच्या राशिचक्रातील गतीचे वक्र चौकटींच्या जाळीवर काढलेले आढळतात. काही अभ्यासक तोच आद्य आलेख मानतात. तथापि त्याचा हेतू अध्यापनाचा दिसतो, मोजलेल्या आकड्यांच्या तुलनेचा नव्हे. या अर्थाने स्कॉटिश अभियंता व अर्थविषयक लेखक विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) यांच्याकडे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. दैनंदिन तापमानाची नोंद रेषांनी ठेवण्याचा धडा त्यांना थोरले बंधू जॉन यांच्याकडून मिळाला होता. १७८६ मध्ये त्यांनी इंग्लंडची आयात व निर्यात एकाच चौकटीत दोन रेषांनी दाखवली; रेषांमधील जागा म्हणजे व्यापारशेष. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे (१७८०–८१) आकडे हाती असल्याने कालरेषा काढता येईना, म्हणून ज्या देशांशी व्यापार होता त्यांच्या देशवार पट्ट्या काढल्या. स्तंभालेख असा अपुऱ्या सामग्रीतून आला, हे विशेष. वृत्तालेख १८०१ चा.

सरासरीत लपलेला फरक आलेखात उघड होतो. नागपूर व मुंबई यांचे वार्षिक सरासरी तापमान जवळपास सारखे, सु. २७° से. आहे. मासिक रेषा एकत्र काढल्या की नागपूरची रेषा मे महिन्यात उंच चढते (सरासरी दैनिक कमाल ४२° हून अधिक) आणि हिवाळ्यात बरीच खाली येते. समुद्राच्या सान्निध्यामुळे मुंबईची त्यामानाने सपाट राहते. अशा रेषालेखात उभा अक्ष शून्यापासून नसला तरी चालतो. स्तंभालेखात तो शून्यापासूनच हवा, कारण तेथे डोळा लांबीची तुलना करतो. नागपूरचा पाऊस स्तंभांनी व तापमान रेषेने एकाच चौकटीत दाखवल्यास दोन उभे अक्ष लागतात. रेषा स्तंभांना कोठे छेदते याला मग काही अर्थ उरत नाही, तरी वाचक तो शोधतोच.

विसंगत नोंदही तुलनेतच पकडली जाते. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६° तापमान दाखवले. शहरातील अन्य काही केंद्रांवर पारा ४४° च्या आसपास होता. पुढे हा संवेदकाचा दोष ठरला.

भारतीय योगदानात संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिस यांची १९६० मधील विभाजक-आलेख पद्धती महत्त्वाची. कुटुंबे एका चलानुसार (बदलत्या राशीनुसार), उदा. दरडोई खर्चानुसार, चढत्या क्रमाने लावून समान गट पाडतात व प्रत्येक गटाची दुसऱ्या चलाची सरासरी रेखतात. एकाच पाहणीच्या दोन स्वतंत्र उपनमुन्यांच्या (स्वतंत्रपणे निवडलेल्या कुटुंबगटांच्या) रेषांमधील क्षेत्र त्रुटीचा अंदाज देते. दोन कालखंडांच्या रेषांमधील क्षेत्र या त्रुटीच्या मानाने मोठे असेल, तरच फरक खरा मानावा, असा त्यामागील विचार आहे.